पूजा अडवणारे गुरुजी

सोलापुरातले आमचे पहिले घरमालक पेशाने भिक्षुक होते. लग्नं, मुंजी, वास्तुशांती, सत्यनारायण, सगळं करत. मंत्र खणखणीत, उच्चार स्वच्छ, वेळेला पक्के. तरी त्यांना बोलवायच्या आधी लोक दोनदा विचार करायचे, कारण चांगली रंगात आलेली पूजा ते मध्येच अडवून बसत. गल्लीत त्यांना ‘ब्रेक गुरुजी’ म्हणत आणि हे नाव त्यांच्याही कानावर गेलेलं होतं. ‘ब्रेक नसलेली गाडी चांगली का?’ एवढंच ते विचारत.

अडवायची जागा ठरलेली होती. पूजा संपत आली की क्षमाप्रार्थना असते. मंत्र चुकले असतील, काही कमीजास्त झालं असेल तर देवा, सांभाळून घे, असं म्हणायचं असतं. बाकीचे गुरुजी ती एका दमात उरकतात, कारण तोवर शिऱ्याचा वास सगळ्यांच्या नाकात गेलेला असतो. आमचे गुरुजी नेमके तिथं थांबत. पळी ताम्हणात ठेवत, दोन्ही हात मांड्यांवर टेकत आणि यजमानाकडे रोखून बघत.

‘कुणाशी बोलणं बंद हाय का?’

यजमान गडबडे. म्हणे, छे छे, कुणाशीच नाही. मग आतून बायको खोकत असे. गुरुजींना तेवढं पुरे.

‘देवाकडं माफी मागायलाव, आणि तुम्ही मातर कुणाला करणार न्हाई. हे कुठलं हो? लावा फोन. मी बसलोय.’

आणि ते खरंच बसत. तासभर बसत. लहान मुलं रडायला लागत, म्हातारी माणसं गोळीची वेळ झाली म्हणून कुरकुरत, आणि गुरुजी डोळे मिटून स्वस्थ. काकू, म्हणजे गुरुजींची बायको, त्यांच्या पिशवीत दर्भाच्या जुडीशेजारी एक शेंगापोळी बांधून द्यायच्या. ‘कुठं अडकतील नेम नाही, चक्कर यायची,’ म्हणायच्या. पण पूजा पुरी होईपर्यंत ते काही खात नसत, त्यामुळे ती पोळी बहुतेक वेळा घरीच परत यायची आणि संध्याकाळी मला मिळायची.

माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या घरचा सत्यनारायण मी स्वतः पाहिलाय. त्या पूर्व भागात राहतात. घरात यंत्रमाग, माणसं तेलुगू बोलणारी. त्यांच्या यजमानांचं भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्याशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर टाकी भरून वाहायची आणि पाणी ह्यांच्या सुताच्या पोत्यांवर जायचं. गुरुजींनी पळी खाली ठेवली. यजमानांनी अर्धा तास दम काढला आणि शेवटी चरफडत फोन लावला. मिनिटाभरात शेजारी लुंगी सावरत धावत आला आणि दारातच ओरडला, ‘कोण गेलं? अन्ना, कोण गेलं?’ सहा वर्षांनी फोन आलाय म्हटल्यावर त्याला दुसरं काय वाटणार?

‘कोणी गेलं नाही,’ यजमान म्हणाले. ‘हे गुरुजी शिरा देईनात.’

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी शिरा दगडासारखा घट्ट झाला होता, पण दोघांनी एकाच ताटात खाल्ला.

गुरुजी मूळचे अक्कलकोटकडचे. बोलताना मध्येच कानडी यायचं. पाहुण्याला ‘कुंद्री’ म्हणून बसवायचे आणि वाढप नको असलं की ताटावर हात धरून ‘साकु’ म्हणायचे. साठी उलटली होती, पण दंड असे की उपरणं खांद्यावर टिकत नसे. जुनी मोपेड होती. शेंडीवर हेल्मेट चढवून ती चालवायचे. रोज पहाटे गच्चीवर एक्कावन्न सूर्यनमस्कार. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, म्हणजे गच्ची आमच्या डोक्यावर. सुरुवातीला त्या धपधपीनं मला जाग यायची. पण खरी गंमत नमस्कार संपल्यावर असायची.

घाम पुसत ते मोठमोठ्यानं बोलायला लागत. आदल्या दिवशी ज्यांचा ज्यांचा राग आला असेल त्यांची आठवण काढत आणि एकेकाला सोडून देत.

‘नळाची पाळी चुकवणारा. सोडला! काल आडवी रिक्षा घालणारा. सोडला! मोठा जावई. हं... हा जरा जड हाय. उद्या बघू.’

राहायला येऊन आठवडा झाला असेल. अंथरुणात पडल्या पडल्या ऐकते तर, ‘वरच्या बाई. जिन्यात चपला टाकतात. सोडल्या!’

माझा स्वभाव काही नमतं घेणारा नाही. तडक गच्चीवर गेले. म्हटलं, ‘गुरुजी, मला काही सांगायचं असेल तर तोंडावर सांगा. साऱ्या गल्लीला कशाला ऐकवता?’

‘आता काय सांगू? सोडून झालं की,’ ते म्हणाले. ‘तेवढ्या चपला उचला.’

मी उचलल्या. तेव्हापासून आमची दोस्तीच झाली म्हणायची. रविवारी काकूंची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला मी खाली जायची आणि गुरुजींशी वाद घालायची. मी गणित शिकवते. उगाच गोडगोड बोललेलं मला पटत नाही. म्हटलं, ‘हे माफबिफ करणं म्हणजे ज्याचं काही चालत नाही त्याचं समाधान. हात उगारता येत नाही म्हणून माफ केलं म्हणायचं.’

गुरुजींना असा वाद फार आवडायचा. ताट बाजूला सारून म्हणायचे, ‘शास्त्रात धर्माची दहा लक्षणं सांगितलीत. पहिलं धृती. म्हणजे काय? टिकून राहायचं बळ. आणि तिच्या लगेच शेजारी क्षमा. ज्यानं मांडलं त्याला कळत होतं ना, कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं ते? उठल्याबरोबर आपण कुणाची क्षमा मागतो? जमिनीची. पाय लावणार म्हणून. आता सांगा, जमीन दुबळी हाय? नांगर घाला, विहीर खणा, दहा मजले बांधा. ती तुम्हाला धरून ठेवती. दुबळ्याला माफ करता येतच न्हाई, बाई. तो फक्त गप बसतो. गप बसणं वेगळं.’

हे ‘वेगळं’ म्हणजे काय, ते मला पुढं काकूंनी सांगितलेल्या एका प्रसंगातून कळलं. शहराबाहेरच्या एका सोसायटीत पूजा होती. सासूनं गुरुजींना आधीच बाजूला घेऊन सांगितलं, माझी सून मुलाशी धड बोलत नाही, तुम्ही नेहमीसारखी पूजा थांबवा आणि तिला माफ करायला लावा. गुरुजींनी सुनेकडे पाहिलं. मनगटावर काळानिळा वळ होता. त्यांनी पूजा थांबवली खरी, पण विचारलं मुलाला. ‘काय केलं म्हणून माफी पायजे? बोला मोठ्यानं.’ मुलगा गप. ‘परत करणार का? तेही बोला.’ मुलगा गप. गुरुजींनी पिशवी आवरली आणि सुनेला म्हणाले, ‘पोरी, ह्याला माफ करायचं का न्हाई ते आधी आईच्या घरी जाऊन ठरव. हात पोचणार न्हाई एवढ्या लांब उभं राहायचं आणि मग ठरवायचं. हितं बसून केलंस तर ती क्षमा न्हवे, ती भीती.’ सासूनं त्या दिवसापासून त्यांचं नाव टाकलं. सून मात्र आठवड्याच्या आत माहेरी गेली आणि वर्षभर तिथंच राहिली. पुढं काय झालं ते काकूंनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्यांना सांगणं सोपं असतं, हे मी गुरुजींना ऐकवायची संधी शोधत होते. ती आली तेव्हा मात्र मी ती घेतली नाही.

ऐन श्रावणात एका मोठ्या घरची पूजा आटोपून ते आले आणि दुपारी त्या घरातून फोन आला की चांदीचं निरांजन सापडत नाही. सरळ चोर म्हटलं नाही, पण फोन ठेवताना जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं. दोन दिवसांत बातमी पसरली. श्रावणात ज्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसायची तो सकाळी नऊला ओट्यावर पेपर वाचत बसायला लागला. ठरलेल्या पूजा काही ना काही सबब सांगून एकेक करून रद्द झाल्या. काकू देवघरासमोर बसून रडायच्या. आणि पहाटे गच्चीवरून रोज ऐकू यायचं, ‘निरांजनवाले. अजून न्हाई.’ दुसऱ्या दिवशी, ‘अजून न्हाई.’ आवाजही पूर्वीचा राहिला नव्हता. मला वाईट वाटायचं आणि, खरं सांगते, थोडं बरंही वाटायचं. म्हटलं, चला, गुरुजीही माणूसच आहेत.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी गच्चीवर काहीच ऐकू आलं नाही. मी शाळेत निघाले तर ते मोपेड काढून उभे. ‘बसा, सोडतो,’ म्हणाले. गाडी शाळेकडे न वळता भलतीकडेच वळली आणि त्या मोठ्या घराच्या फाटकापाशी थांबली. घरमालक अंगणात दात घासत होता. गुरुजींनी हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

‘निरांजन मी नेलेलं न्हाई,’ ते म्हणाले. ‘तुम्ही चुकलाय. फार मोठं चुकलाय. अकरा दिवस मला झोप न्हाई. आज मी तुम्हाला माफ केलं. येतो.’

तो माणूस तोंडात फेस घेऊन तसाच उभा राहिला. गाडी सुरू झाली. मी मागं बसून रागानं धुमसत होते. ‘त्यानं माफी मागितली तरी का? मागायच्या आधीच कसली देताय?’

‘तो कधी मागंल आणि मग मी झोपू?’ गुरुजी वाऱ्यात ओरडले. ‘बारकं असंल तर गच्चीवर सुटतं. मोठं असलं की दारात जाऊन सांगावं लागतं. सांगितलं. आता मी मोकळा.’

त्या दुपारी ते घोरत होते, ते आमच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं. महिन्याभरानं ते निरांजन त्याच घरात सापडलं. चौरंगावरचं वस्त्र उचलताना कुणीतरी त्याच्यासकट घडी घालून कपाटात ठेवलं होतं. ती मंडळी पेढे घेऊन आली, पाया पडली, बाई रडल्या. गुरुजींनी विचारलं, ‘पेढे कुठले?’ आणि एका बैठकीत चार खाल्ले. हा माणूस मोठेपणा दाखवत नव्हता. त्याच्या बाजूनं ते प्रकरण खरोखरच महिन्यापूर्वी संपलेलं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला जमणार नाही. आणि वाटायला कारण होतं.

माझं माहेर श्रीपूरजवळच्या एका वस्तीवर. आप्पा, म्हणजे माझे वडील, निरांजनाच्या प्रकरणाआधीच गेले होते. ते गेले त्या दिवशी मी शाळेत होते. फोन चुलतभावाचा आला. गुरुजींनीच मला मोपेडवरून स्टँडवर सोडलं. मोहोळ ओलांडल्यावर मी माझ्या धाकट्या भावाला फोन केला. म्हटलं, दीड तासात पोचते, थांबा. तो ‘बरं ताई’ म्हणाला. मी पोचले तेव्हा अंगण झाडून झालं होतं. पुरुष माणसं ओढ्यावरून अंघोळ करून परत येत होती. आप्पांच्या तोंडात पाणी घालायचं राहिलं, चेहरा बघायचा राहिला. ऊन डोक्यावर होतं, दिवस मावळायला अवकाश होता. तरी थोरला चुलता बसल्या बसल्या म्हणाला, ‘लेकीसाठी कुणी थांबत नसतंय.’ मी भावाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. तो एक शब्द बोलला असता तरी मी सगळं विसरले असते, पण तो बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी मी सोलापूरला परत आले आणि भावाशी बोलणं बंद केलं. राखी नाही, भाऊबीज नाही, त्याच्या मुलीच्या बारशाला नाही. गुरुजींना मी सगळं एकदाच सांगितलं. ते ऐकून घेऊन फक्त म्हणाले, ‘जड हाय.’ पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही. एकदा मीच चिडवलं, ‘साऱ्या सोलापूरला विचारता, मला नाही विचारत ते?’ तर म्हणाले, ‘पूजा घाला, मग विचारीन.’

म्हणून मी त्या घरात कधी साधा सत्यनारायणसुद्धा घातला नाही. सासूबाईंना वाटायचं सून नास्तिक आहे.

पण चार वर्षांनी विजापूर रोडला आमचा स्वतःचा फ्लॅट झाला आणि वास्तुशांती काही टळेना. दुसऱ्या गुरुजींना बोलवावं असंही मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली. सरळ गेले आणि म्हटलं, ‘पूजा तुम्हीच सांगायची. पण माझ्याकडे थांबायचं नाही. शब्द द्या.’

‘दिला,’ ते म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की माझा विश्वासच बसला नाही. म्हणून मी उत्तर तयार करून ठेवलं. त्यांनी ‘कुणाशी बोलणं बंद हाय का’ विचारलं की चारचौघांत काय म्हणायचं, ते मी आठवडाभर घोकत होते. असं सणसणीत उत्तर होतं की गुरुजींनी पुन्हा कुणाची पूजा अडवली नसती.

पूजेच्या दिवशी हॉल माणसांनी भरला होता. शाळेतल्या बाया, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक, सासरची सगळी मंडळी. होम झाला, नैवेद्य झाला. क्षमाप्रार्थनेची वेळ आली. मी पाठ ताठ केली. गुरुजींनी पळी ठेवली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. ‘मी म्हणतो त्याच्या मागून म्हणा,’ म्हणाले आणि सुरू झाले.

नवरा म्हणायला लागला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मला त्यांचा संताप आला. चार वर्षं हा माणूस विचारेल म्हणून मी सज्ज होऊन बसले होते, आणि आज तो विचारतच नव्हता! ते उत्तर वाटेत तसंच अडकलं होतं, आणि त्याच्या मागून हे माफी मागणारे शब्द काही बाहेर येईनात.

‘थांबा,’ मी म्हटलं.

गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. ‘का? मी तर काय विचारलं न्हाई. शब्द पाळला.’

‘मला म्हणता येत नाही.’

‘मग ह्यांनी म्हटलं तरी चालतंय. तुम्ही हात लावा नुसता.’

‘गुरुजी,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ‘मी त्याला माफ केलं, तर त्यानं केलं ते बरोबर होतं असा अर्थ होईल. ते बरोबर नव्हतं. मी मोहोळ ओलांडलं होतं. दीड तास थांबायचं होतं फक्त.’

आता त्यांनी डोळे उघडले. ‘कोण म्हणलं बरोबर ठरतं? बरोबर असतं तर माफ कशाला करायचं? आधी चूक म्हणावं लागतं. त्याला सांगा, तू चुकलास. आवाज बारीक करू नका. मग झेपत असंल तर सोडा. न्हाई झेपत तर ठेवा, माझी काही सक्ती न्हाई. मी श्लोक म्हणतो, आपण जेवू.’

‘आणि सोडून मला काय मिळणार?’

‘हात मोकळा होईल,’ गुरुजी म्हणाले. ‘चार वर्षं तुम्ही एका हातानं घर करायलाव. दुसरा त्यातच गुंतलाय.’

नवऱ्यानं खिशातून माझा फोन काढून पुढं केला. भावाचा नंबर मी कधी पुसला नव्हता. त्यानं दुसऱ्याच रिंगला उचलला.

‘ताई?’ इतकंच म्हणाला. मागं साखर कारखान्याच्या यार्डातल्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो तिथं नोकरीला आहे.

‘आप्पांच्या वेळी तू थांबला नाहीस,’ मी म्हटलं. ‘मी मोहोळ ओलांडलं होतं, तुला सांगितलं होतं. तू चुकलास. चुलत्याचं नाव सांगू नकोस. तू मुलगा होतास, तू थांब म्हणायला पाहिजे होतंस.’

ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला. तो चालत बाजूला आला असावा.

‘व्हय ताई,’ तो म्हणाला. ‘चुकलो. मला त्यास्नी न्हाय म्हणायची छाती झाली न्हाय. चार वर्सं झाली, तुला त्वांड कसं दावावं हेच कळंना.’

हेच मला हवं होतं. ह्याच्यापेक्षा जास्त काही नको होतं. आणि ते मिळाल्यावर मला जाणवलं की ते मिळालं नसतं तरी मी पुढचं वाक्य बोलले असते. ते माझ्या तोंडात येऊन बसलं होतं.

‘मी सोडलं,’ मी म्हटलं. ‘आता निघ. घरी पूजा आहे. पत्ता पाठवते.’

‘आत्ता? मी येईस्तवर तुमचं सगळं उरकंल की.’

‘तू निघ.’

फोन ठेवला. बायकांनी डोळे पुसले. गुरुजींनी लगेच पळी उचलली. ‘झालं. उत्तम झालं. चला, म्हणा.’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तो येईपर्यंत थांबायचं.’

हॉलमध्ये एकच गलका झाला. नवऱ्याचे काका म्हणाले, ‘अगं, श्रीपूरहून यायचा म्हणजे तीन तास! भावासाठी देव ताटकळत ठेवायचा का? फोनवर झालं ना बोलणं?’ सासूबाई म्हणाल्या, मुहूर्ताचं काय? खुद्द गुरुजी म्हणाले, ‘बाई, मी पहाटेपासून उपाशी हाय. साकु आता.’

‘गुरुजी, तुम्ही आजवर सगळ्या सोलापूरला थांबवलंत,’ मी म्हटलं. ‘आज तुम्ही थांबा.’

ते इतके मोठ्यानं हसले की समईची ज्योत हलली. ‘नैवेद्य झालाय. पाहुण्यांनी जेवून घ्या,’ त्यांनी जाहीर केलं. ‘यजमान, यजमानीण आणि मी थांबणार. मुहूर्ताची चिंता माझ्यावर सोडा.’

पंगती उठल्या. लोक जेवून, अहेर देऊन, आमच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत गेले. काका तेवढे हट्टानं खुर्चीत बसून राहिले. गुरुजी पाटावरून हलले नाहीत. समईत तेल घालत होते, मधूनच घड्याळ बघत होते आणि पोटात गुरगुरलं की पोटाला कानडीत दटावत होते. मी त्यांच्यासमोर बसून होते. मला भूक लागली नव्हती. आपण कुणासाठी तरी सगळ्यांना अडवून धरलंय आणि आपल्याला कुणी हलवू शकत नाही, हे मला फार आवडत होतं.

साडेचार वाजता जिन्यात पावलं वाजली. तो मोटरसायकलवर आला होता. कारखान्याचा खाकी शर्ट अंगावर तसाच, भुवयासुद्धा धुळीनं पांढऱ्या. दार उघडंच होतं, पण तो बाहेरच थबकला. चौरंग पाहिला, समई पाहिली, पाटावर बसलेली मी पाहिली.

‘ताई,’ त्यानं विचारलं, ‘उशीर झाला का गं?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तुझ्यासाठीच थांबलोय.’

त्यानं चौकट धरली आणि खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मी रडले नाही. उठले, त्याला हाताला धरून आत आणलं आणि माझ्या शेजारी पाटावर बसवलं.

गुरुजींनी पळी उचलली. ‘आता म्हणा,’ ते म्हणाले.

मी म्हटलं. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.